वणवा, गृहत्याग आणि समाजाचे कर्तव्य



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्या गुरुवर्यांनी आपली सारी हयात भूगोल शिकविण्यात घालविली. आणि नकाशावरच्या डोंगराचा, नदीचा व वाऱ्याचा माणसाच्या घरादाराशी आणि जिवाशी कोणता संबंध पोहोचतो हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसल्याखेरीज आपला तास पुरा झाला असे त्यांनी कधी मानले नाही. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषयही डोंगर, वारा आणि माणूस यांना एकत्र आणणारा असावा, या विचाराने मी आजच्या व्याख्यानासाठी, वेगाने चालून येणाऱ्या वणव्यापुढून राहते घर सोडून निघून जाण्याचा प्रश्न निवडला आहे. वरवर पाहता हा प्रश्न बंदोबस्ताचा आणि वाहतुकीचा वाटतो. परंतु संकटाच्या वेळी व्यक्तीने काय करावे, आणि तिला ते करता यावे म्हणून समाजाने आधी कोणती तजवीज करून ठेवलेली असावी, हा नीतीचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, आणि त्याच अंगाने मी त्याचा विचार आपणासमोर मांडणार आहे.

वणवा आपल्याला अपरिचित नाही. माघ-फाल्गुन उलटला की सह्याद्रीच्या उतारांवर रात्री आगीच्या ओळी दिसू लागतात. जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने येते या समजुतीने कोणी काडी लावतो, कोणी निष्काळजीपणाने विडीचे थोटूक टाकतो, आणि मग वनखात्याची माणसे व गावकरी हिरव्या फांद्यांनी ती आग झोडपीत रात्र काढतात. कोकणात अशाच एखाद्या वणव्यात, वर्षानुवर्षे जपलेली आंब्या-काजूची कलमे एका दुपारी होरपळून जातात. तथापि आपला वणवा बहुधा जमिनीलगत, पाल्यापाचोळ्यातून सरकत जातो, आणि त्याच्यापायी आख्खे शहर घरे टाकून रस्त्यावर आले, असा प्रसंग आपल्याकडे सहसा ओढवत नाही. तो प्रसंग जेथे वारंवार ओढवतो, त्या कॅलिफोर्नियात आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आहेत. म्हणून त्या भूमीवर घडलेली एक दुर्घटना मी प्रथम सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, दोन खोल दऱ्यांच्या मधल्या सोंडेवर पॅराडाइज नावाचे सुमारे सव्वीस हजार वस्तीचे गाव वसलेले होते. पाइनच्या उंच झाडांची सावली, निरोगी हवा आणि मोठ्या शहरांच्या मानाने स्वस्त घरे, यांमुळे निवृत्त झालेली, बेताच्या उत्पन्नाची पुष्कळ वृद्ध माणसे तेथे येऊन राहिली होती. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, गुरुवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास, गावाच्या पूर्वेस फेदर नदीच्या दरीत पुल्गा या वस्तीजवळ, पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या सुमारे शतकभर जुन्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरचा एक लोखंडी आकडा, वर्षानुवर्षे झिजत आलेला, अखेर तुटला. वीजप्रवाह असलेली तार लोंबकळली, आणि तिच्या ठिणग्या मनोऱ्याखालच्या सुक्या गवतात पडल्या. मे महिन्यानंतर त्या टापूत म्हणावा तसा पाऊस झालेला नव्हता, हवेत ओलावा उरलेला नव्हता, आणि ईशान्येकडून दरीतून खाली उतरणारा कोरडा वारा सोसाट्याने वाहत होता. मधले दहा-अकरा किलोमीटर अंतर तोडून आठाच्या सुमारास आग गावात दाखल झाली. संध्याकाळपर्यंत गाव जवळजवळ नाहीसे झाले. या एका वणव्याने ८५ माणसांचे बळी घेतले आणि अठरा हजारांहून अधिक इमारती भस्मसात केल्या.

इतक्या अल्पावधीत हे घडले कसे, हे समजण्यासाठी वणव्याची चाल समजून घेतली पाहिजे. ज्वाळांची एक सलग भिंत दुरून सरकत येते, ती दिसते, आणि दिसल्यावर निघावयास पुरेसा अवकाश मिळतो, अशी सर्वसामान्य माणसाची कल्पना असते. वारा जोराचा असला म्हणजे ही कल्पना साफ खोटी ठरते. जळती साल, पाइनची सुकी पाने, पेटलेल्या छपरांचे तुकडे वाऱ्यावर स्वार होऊन मुख्य आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. छपराच्या पन्हळीत साचलेल्या पाल्यात, लाकडी ओट्याच्या खाली, पोटमाळ्याच्या झरोक्यात ते शिरतात, आणि आग गावाच्या वेशीवर पोहोचण्यापूर्वीच गावाच्या मध्यभागी दहा ठिकाणी पेट घेतलेला असतो. मग एक घर दुसऱ्या घरास पेटविते. पॅराडाइजमध्ये नंतर पाहणाऱ्यांना असे आढळले की, घराच्या जागी केवळ धुराडे आणि राख उरली आहे, परंतु त्याच अंगणातील पाइनचा शेंडा हिरवा आहे; आणि रस्त्यात सोडून दिलेल्या मोटारींच्या चाकांतले ॲल्युमिनियम वितळून उताराने ओघळत गेले आहे व तेथेच थिजले आहे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, एवढे सांगितले म्हणजे त्या मोटारींत जे अडकले असतील त्यांची अवस्था काय झाली असेल, हे निराळे सांगावयास नको.

आता येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पॅराडाइज हे गाफील गाव नव्हते. २००८ साली त्या परिसरात वणवा आला तेव्हा निघालेल्या रहिवाशांच्या मोटारी रस्त्यांवर खोळंबून राहिल्या होत्या, आणि त्या अनुभवावरून शहाणे होऊन गावाच्या कारभाऱ्यांनी गावाचे विभाग पाडले, कोणत्या विभागाने कधी निघावे याचा क्रम ठरविला, स्कायवे नावाच्या मुख्य रस्त्याच्या सगळ्या पदरांवरून वाहने एकाच दिशेने बाहेर काढण्याची योजना आखली, आणि तिची रंगीत तालीमही घेतली. कित्येक गावांच्या दप्तरी याच्या निम्मीही तयारी सापडणार नाही. तरीही योजना कोलमडली. एकामागून एक विभाग खाली करावयाचा, या गृहीतकावर ती उभी होती. आणि आग तर एकाच वेळी सर्व विभागांत उतरली. दक्षिणेकडे उतरणारे रस्ते मोजके. त्यांतील काही आगीनेच अडविले. आणि मुख्य रस्त्याचा गावातील भाग काही वर्षांपूर्वी, बाजारपेठेत पायी फिरणाऱ्यांच्या सोयीसाठी, चार पदरांचा दोन पदरी करण्यात आला होता. इशाऱ्याची व्यवस्था अशी की, ज्यांनी आपले नाव आधी नोंदविले असेल त्यांच्याच दूरध्वनीवर संदेश जावा. नोंदविलेले थोडे, आणि त्यांपैकीही अनेकांना तो पोहोचलाच नाही. बहुसंख्य लोकांना संकटाची पहिली वर्दी मिळाली ती शेजाऱ्याने दार ठोठावल्यामुळे, किंवा सकाळी नऊ वाजता खिडकीबाहेर मध्यरात्रीसारखा काळोख दाटला म्हणून.

त्या काळोखात जे दोन प्रसंग घडले ते मी शेजारी शेजारी ठेवून आपणास दाखवू इच्छितो.

पहिला प्रसंग एका प्राथमिक शाळेच्या बसचा. ज्यांचे आईबाप वेळेवर येऊ शकले नाहीत अशी बावीस मुले शाळेत उरली होती. त्यांना घेऊन एक चालक व दोन शिक्षिका निघाल्या. चालक त्या कामावर रुजू होऊन काही महिनेच झाले होते. रस्ता वाहनांनी तुंबलेला, दोन्ही बाजूंस ज्वाळा, आणि बसमध्ये धूर इतका भरला की लहान मुलांना गुंगी येऊ लागली. तेव्हा चालकाने आपला अंगातला सदरा काढून दिला. शिक्षिकांनी त्याच्या चिंध्या फाडल्या, जवळ होत्या तेवढ्या बाटलीभर पाण्यात त्या भिजविल्या, आणि एकेका मुलाच्या हाती देऊन नाकातोंडाशी धरावयास सांगितले. मोठ्या मुलांस लहानांजवळ बसविण्यात आले, आणि प्रत्येक मुलाचे नाव कागदावर उतरवून घेण्यात आले. सुमारे पाच तासांनी ती बस सुरक्षित ठिकाणी पोहोचली. बावीसही मुले सुखरूप उतरली.

दुसरा प्रसंग एक नव्हे. तो घराघरांतून घडला. मृतांपैकी बहुसंख्य माणसे पासष्टी ओलांडलेली होती, आणि त्यांतली पुष्कळशी आपल्या राहत्या घरात किंवा घराच्या आसपास सापडली. कोणास चालता येत नव्हते, कोणाजवळ मोटार नव्हती, कोणाच्या घरी दूरध्वनीवर संदेश आला नाही, कोणी ज्या मुलाची किंवा परिचारिकेची वाट पाहत होते त्यांना पोलिसांनी रस्त्यातच अडवून परत फिरविले होते.

या दोन प्रसंगांतील भेद शौर्याचा नाही. गावात शूर माणसांची वाण नव्हती. तेथील रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी रुग्णांना आपापल्या खासगी मोटारींत घालून बाहेर काढले, आणि अग्निशामक दलाच्या जवानांनी, रस्ता बंद झाल्यावर, शेकडो माणसांना मोकळ्या फरसबंद आवारांत एकत्र करून त्यांच्याभोवती पहारा दिला व त्यांचे प्राण वाचविले. भेद हा की, बावीस मुले कोणाच्या तरी जिम्मेवर होती. त्यांची नावे माहीत होती, त्यांना मोजणारे कोणी होते, आणि एकही मूल मागे राहिले तर जाब विचारणारे कोणी होते. वृद्ध तसे कोणाच्याच जिम्मेवर नव्हते. त्यांनी आपण होऊन निघावे असे सर्वांनी गृहीत धरले होते. माझ्या आजच्या सांगण्याचे सार हेच आहे: घर सोडून वेळेवर निघण्याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असला, तरी वेळेवर निघता येणे ही केवळ त्याच्या हातची गोष्ट नाही, आणि ज्याला स्वतःहून निघता येत नाही त्याच्या मरणाचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावे मांडता येत नाही.

व्यक्तीच्या निर्णयाविषयी बोलावयाचे तर, माणूस घर सोडावयास का कचरतो, हे सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असे आढळले आहे की, इशारा मिळाल्याबरोबर माणूस निघत नाही. तो आधी खातरजमा करू पाहतो, शेजाऱ्यास विचारतो, आप्तांना दूरध्वनी करतो, बाहेर येऊन आकाश पाहतो, आणि या खातरजमेतच मोलाची घटका निघून जाते. त्यात घर म्हणजे आयुष्याची मिळकत. ती डोळ्यांदेखत आगीच्या स्वाधीन करून निघावयाचे म्हणजे आपण पळपुटे ठरलो, असा सल मनास लागतो. ज्या पुणेकर घरांत १९६१ सालच्या पानशेतच्या पुराची आठवण अद्याप जागी आहे, त्यांना नेसत्या वस्त्रानिशी निघणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

परंतु घराच्या या ओढीची किंमत किती पडते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. त्या देशात दीर्घकाळ असे धोरण होते की, ज्याची तयारी असेल त्याने घरात राहून घर राखावे, नसेल त्याने लवकर निघून जावे. ७ फेब्रुवारी २००९ या शनिवारी मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंशांवर गेला, व्हिक्टोरिया प्रांत ठिकठिकाणी पेटला, आणि १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी शंभरावर माणसे घरांतच गेली. न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१० साली आपला अहवाल सादर केला, आणि लवकर निघून जाणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय व अत्यंत भीषण दिवशी घर राखण्याचा प्रयत्न करू नये, असा त्याचा रोख राहिला. येथे 'लवकर' या शर्तीवर सारा भर आहे. कारण उशिरा निघालेल्याची गत घरी राहिलेल्याहून बरी असतेच असे नाही. पोर्तुगालमध्ये १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाओ ग्रांदे येथील वणव्यात ६६ माणसे मेली, आणि त्यांपैकी ४७ माणसे पळून जाताना एकाच रस्त्यावर गाठली गेली. पुढच्याच वर्षी ग्रीसमध्ये अथेन्सजवळ माती या किनाऱ्यावरच्या वसाहतीत गाव खाली करण्याचा हुकूम वेळेवर निघालाच नाही. समुद्र अगदी काही पावलांवर असताना, वाट न सापडल्याने, सव्वीस माणसे एकमेकांना कवटाळलेल्या स्थितीत एका आवारात मृत सापडली.

उलट बाजूस, मोठे शहरही रिकामे करता येते याचा दाखलाही आहे. ३ मे २०१६ रोजी कॅनडातील फोर्ट मॅकमरे हे शहर वणव्याने वेढले गेले. बाहेर पडण्यास एकच हमरस्ता. तरीही सुमारे ८८,००० माणसे निघाली, आणि शहरात आगीच्या ज्वाळांत एकही मनुष्य मेला नाही. म्हणजे मनुष्याचा उपाय चालतो. मात्र हुकूम वेळेवर निघावा लागतो आणि तो सर्वांपर्यंत पोहोचावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडीना येथे संध्याकाळी सहाच्या पुढे आग लागली. गावाच्या पूर्व भागास निघण्याचा हुकूम त्याच संध्याकाळी मिळाला, पश्चिम भागास तो पहाटे तीनच्या पुढे मिळाला, आणि मृत्यू जवळजवळ सारे या पश्चिम भागातच झाले. एका रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्यांच्या नशिबात जो फरक पडला तो आगीने पाडलेला नव्हता. तो दप्तरात पडला.

या दुर्घटनांतून काही समाज शिकलेही आहेत, आणि ते शिकणे बारीकसारीक गोष्टींत दिसते म्हणून मला ते विशेष मोलाचे वाटते. २०१७ सालच्या आगींत कॅलिफोर्नियात असे आढळून आले की, वीज गेल्यावर मोटारखान्याचे विजेवर चालणारे जड दार वृद्ध माणसांना हातांनी उचलता आले नाही, आणि चालती मोटार घरात असूनही ती बाहेर काढता आली नाही. त्यावर राज्याने २०१८ साली कायदा करून, पुढील वर्षापासून असे दार उघडणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रास बॅटरीची जोड असलीच पाहिजे असे ठरविले. पोर्तुगालने २०१८ पासून डोंगरातील खेड्यांसाठी 'सुरक्षित गाव, सुरक्षित माणसे' अशा नावाची योजना हाती घेतली. तीत गावातीलच एका माणसास सुरक्षेचा जिम्मेदार नेमतात, निघावयाची वाट आणि आसऱ्याची जागा आधी मुक्रर करतात, आणि गावकऱ्यांकडून त्याचा सराव करून घेतात. आणि पॅराडाइजच्या त्या वीज कंपनीस २०२० साली न्यायासनासमोर ८५ मृतांपैकी ८४ जणांच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्याची कबुली द्यावी लागली. वणव्याला दैवी कोप म्हणून सोडून देण्याची सवय आपणास मोडावयाची असेल, तर ही कबुली आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

ज्यांची मुले कॅलिफोर्नियाच्या मुलखात राहतात, त्यांनी पुढच्या वेळी दूरध्वनीवर बोलताना हवापाण्याच्या गोष्टींबरोबर चार प्रश्न अगत्याने विचारावेत. स्थानिक इशारायंत्रणेत तुम्ही आपले नाव नोंदविले आहे काय? तुमच्या वसाहतीतून निघण्याच्या दोन निरनिराळ्या वाटा तुम्हांला अंधारात सापडतील काय? पारपत्रे, औषधे, चष्मे, जाड तळाचे जोडे आणि सुती कपडे यांची पिशवी दाराजवळ तयार आहे काय? आणि मुले शाळेत, तुम्ही कचेरीत व आजी घरी असताना हुकूम निघाला, तर कोणी कोणाला आणावयाचे, हे ठरले आहे काय? वाऱ्याचा व आगीचा इशारा जाहीर झालेल्या दिवशी मोटारीत इंधन भरून तिचे तोंड रस्त्याकडे करून ठेवावे. आणि निघावेसे वाटले तर हुकमाची वाट पाहू नये. हुकूम ही शेवटची मर्यादा आहे, तिच्यापूर्वी निघण्यास कोणाचीही मनाई नाही. आग लागली नाही आणि आपण उगीच निघालो असे ठरले, तर एक रात्र वाया जाईल. त्यापलीकडे काही जाणार नाही.

परंतु माझे मुख्य मागणे येथे, या शहरात आणि आपल्या खेड्यांत राहणाऱ्यांपाशी आहे. संकट वणव्याचे असो, महापुराचे असो की दरड कोसळण्याचे असो, घर सोडून निघण्याचा प्रश्न सर्वत्र एकच आहे, आणि तो अडतोही एकाच जागी. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरणे स्थापन झाली आहेत, त्यांचे आराखडे तयार होतात, आणि ते आवश्यकच आहेत; तथापि कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कोणाला ऐकू येत नाही, कोण अंथरुणाला खिळले आहे, हे जिल्ह्याच्या कचेरीस कळणार नाही, ते गल्लीलाच कळते. म्हणून प्रत्येक गल्लीने, प्रत्येक वाडीने, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, ज्यांना स्वतःहून निघता येत नाही अशा माणसांची यादी करावी, आणि प्रत्येक नावासमोर, त्याला बाहेर काढण्याची जिम्मेदारी घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत. एकच नको, कारण एक जण परगावी गेलेला असू शकतो. या यादीस सरकारी मंजुरी लागत नाही आणि द्रव्यही लागत नाही. लागतो तो एका संध्याकाळचा वेळ आणि शेजारधर्म. आपण आज येथून घरी गेल्यावर ती करावयास घ्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी ती पुरी करावी, एवढी माझी आपणा सर्वांस आग्रहाची विनंती आहे.